काढताना हाकलायचं, पाडल्यावर मागायचं

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबण लागणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

मी रस्त्यावरचे फोटो काढते. लग्नाचे नाही, प्रॉडक्टचे नाही, रस्त्यावरचे. बसची वाट बघणारी माणसं, सकाळी शटर वर ढकलणारा दुकानदार, एका छत्रीत घुसलेली तीन शाळकरी पोरं, भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीचा उडत चाललेला रंग. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, ही हौस म्हणा नाहीतर खाज म्हणा, पण बरीच वर्षं करतेय आणि त्याच त्याच रस्त्यांवर करतेय. आणि आता अशी वेळ आलीय की बॅगेतनं कॅमेरा काढायच्या आधी मी चार दिशांना बघून घेते, जसं काही मी कुणाचं काही उचलायलाच आलेय.

"ओ मॅडम, फोटो नाही काढायचा इथे."

इथे म्हणजे कुठे? मी फुटपाथवर उभी आहे. सार्वजनिक फुटपाथवर. फोटो काढतेय कोपऱ्यावर बसून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा, त्यांना विचारून, त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारून झाल्यावर, आणि काका स्वतः म्हणालेत की काढ गं, फक्त हात हलला तर मला बोलू नको. मागे नवा काचेचा टॉवर आहे, तो फ्रेममधे येतोय, कारण तो कुठनंही फ्रेममधे येतोच, अख्खं आकाश बळकावून बसलाय, त्याला मी कुठे लपवू? सिक्युरिटीवाले दादा म्हणतात बिल्डिंग फोटोत येते. अहो येणारच ना! दिसायला नको होती तर एवढी उंच बांधली कशाला? परमिशन कुणाची घेऊ तर म्हणे ऑफिसमधे विचारा, ऑफिसमधे गेलं तर म्हणे मेल टाका, मेल टाकला तर उत्तर नाही. त्या दादांवर माझा राग नाहीये, ते बिचारे तासन् तास उन्हात उभे, बसायला साधी खुर्ची नाही कित्येकांना. राग त्यांच्या वरच्यावर आहे, ज्याने "कॅमेरा दिसला की हाकला" एवढंच सांगून ठेवलंय आणि का ते बहुतेक त्यालाही माहीत नाही.

आणि कहर ऐका. त्याच फुटपाथवर, त्याच वेळी, दहा पावलांवर चार जणांचं रील चाललंय, रिंगलाइट, ट्रायपॉड, स्पीकर, येणाऱ्याजाणाऱ्यांना "दोन मिनिट थांबा ना प्लीज" करून रस्ता अडवलेला. त्यांना कुणी हूं की चूं करत नाही. कारण तो फोन आहे ना! फोनने काढलं की आठवण आणि कॅमेऱ्याने काढलं की रेकी. आजच्या फोनचा झूम माझ्या जुन्या पस्तीस एमएम लेन्सच्या कितीतरी पट लांबचं बघतो, पण ते कोण समजावणार, माझी लेन्स काळी आणि गोल दिसते ना, म्हणजे मीच संशयित. आणि वर मान करून बघा जरा, टॉवरच्या गेटवर सीसीटीव्ही, खांबावर सीसीटीव्ही, समोरच्या दुकानाच्या पाटीखाली सीसीटीव्ही. ते सगळे काकांचा चेहरा चोवीस तास काढतायत, न विचारता, कुठे जातो कोण बघतो काही पत्ता नाही. त्यांना विचारा की एकदा, परमिशन आहे का म्हणून.

बरं हे जगभर आहे. ब्रिटनमधे टेररिझम अ‍ॅक्ट २००० चं कलम ४४ होतं, त्याच्यात ठराविक भागात पोलिसांना काहीही संशय नसताना कुणालाही थांबवून झडती घ्यायची मुभा होती, आणि फोटो काढणारे त्याच्यात सारखे सापडायचे. जानेवारी २०१० मधे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हे खाजगी आयुष्याच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठे ते गुंडाळावं लागलं. केस करणाऱ्या दोघांमधली एक बाई तर पत्रकार होती, आंदोलनाचं शूटिंग करायला निघालेली. पण म्हणजे तिथे निदान कायदा तरी होता, कोर्टात ओढायला. मी ही सिक्युरिटीची शिट्टी कुठल्या कोर्टात नेऊ?

आणि जागा "सार्वजनिक" वाटली तरी ती असेलच असं नाही, हा अजून एक खेळ. न्यूयॉर्कने १९६१ च्या झोनिंगमधे, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं ह्याच्या नियमांमधे, बिल्डरांना आमिष दिलं, खाली लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि वर जास्तीचं बांधकाम घ्या. तिथनं पुढे हे सगळीकडेच पसरलं. लोकांसाठी म्हणून फरशी घातलेली, झाडं लावलेली, आणि मालकी बिल्डरची, नियम बिल्डरचे, शिट्टी बिल्डरची. फुटपाथ कुठे संपतो आणि त्यांची फरशी कुठे सुरू होते हे दाखवणारी एक रेघसुद्धा नसते खाली. पाय चुकीच्या फरशीवर पडला की लगेच मॅडम मॅडम.

आता कुणीतरी प्रायव्हसी काढणारच, तर ते आधीच सांगते. नको म्हटलं की मी त्या माणसासमोर फोटो डिलीट करते, वाद घालत नाही. झोपलेल्या, आजारी, रडणाऱ्या माणसाकडे कॅमेरा वळवत नाही, लहान मुलांचे चेहरे कुठे टाकत नाही. आणि इतक्या वर्षांचा माझा अनुभव असा की माणसं नाही म्हणतच नाहीत फारशी. बिल्डिंगाच नाही म्हणतात.

बरं मला हाकलतायत ते कशापासून, ते तरी बघा. लोकांना वाटतं शहर बदलतं म्हणजे जुनी इमारत पडते आणि नवी उभी राहते. ते तर सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा जातात बसायच्या जागा. माझ्या नेहमीच्या रस्त्यावरच्या बसस्टॉपला लांब लाकडी बाक होता, पाठ टेकता यायची असा, त्याच्यावर एक आजोबा रोज पेपर घेऊन बसायचे, बस कुठलीच पकडायचे नाहीत, नुसते बसायचे, सगळ्या पुरवण्या बाकावर पसरून. मग एक दिवस बाकाच्या मधोमध लोखंडी दांडे आले, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मग बाकच गेला आणि त्याच्या जागी एक तिरका पाइप आला, त्याच्यावर बसता येत नाही, नुसतं टेकता येतं. आजोबा काही दिवस टेकून उभे राहिले, पेपर चौपदरी घडी करून एका हातात धरून, दुसरा हात पाइपवर, गुडघा थरथरतोय. मग यायचेच बंद झाले. ह्याची बातमी कुठे आली? कुठेच नाही. बाक काढला ही बातमी थोडीच असते! माझ्याकडे तिन्ही फोटो आहेत, बाकाचा, दांड्यांचा, पाइपचा, आणि तिन्ही वेळा मला कुणीतरी विचारलंय की मॅडम हे काय काढताय, ह्याच्यात काय आहे.

पायऱ्यांवर टोकदार खिळे, कठड्यावर तिरप्या फरश्या, झाडाच्या पाराला जाळी. लोकांनी नुसतं चालत राहायचं, थांबायचं नाही, थांबायचं असेल तर काहीतरी विकत घ्या आणि आत बसा. १८३८ मधे, फोटोग्राफी नुकती जन्माला येत होती तेव्हा, दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला होता ना, एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्यामुळे चालणारी माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत, दिसतो तो फक्त बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस. तेव्हा तंत्रामुळे रस्ता रिकामा दिसत होता. आता माझं शटर सेकंदाचा हजारावा भाग पकडतं, आणि पकडू काय तर मान खाली घालून भराभर पुढे चाललेली पाठच पाठ.

उजेडाचं तर बोलूच नका. ज्या गल्लीत संध्याकाळपर्यंत तिरपं ऊन यायचं, भिंतीचं प्लास्टर, दोरीवरचे कपडे, सायकलची घंटी, सगळं चमकून उठायचं, तिथे आता टॉवरची सावली दुपारीच पडते. समोरची काच ऊन परत फेकते ते कुठेतरी तिसऱ्याच्याच खिडकीत, पांढरंफटक, अंगावर येणारं. रात्रीचे सोडियमचे पिवळे दिवे गेले, एलईडी आले, वीज वाचते, मान्य, शंभर टक्के मान्य, पण जे स्वस्तातले बसवलेत ते ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, आपण सायलेंट मोडवर शटर जरा फास्ट ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे. आवाज होऊ नये म्हणून सायलेंट मोड लावायचा, तर हे पट्टे, आणि पट्टे नकोत म्हणून साधं शटर वापरावं, तर खटक झालं की मॅडम!

असो. इथपर्यंत मी सहन करते. खरी चीड पुढे आहे.

कोपरा पडला. पत्रे लागले, हिरवी जाळी लागली, घड्याळवाले काका कुठे गेले कुणाला माहीत नाही, मी बरंच विचारत फिरले. आणि पत्रे लागल्यावर काही महिन्यांत तीच सगळी जनता, जिला "ह्याच्यात काय आहे" असा प्रश्न पडायचा, ती हळवी झाली. कुणाकडे जुना फोटो आहे का हो त्या कोपऱ्याचा? अगं तू काढायचीस ना तिथे? पाठव ना. हाय रेझ पाठव. लोगो काढून पाठव, मधे मधे येतो. पैशाचं नाव नाही, नावाचंही नाव नाही. पाठवला की दुसऱ्या दिवशी तो फोटो दहा ग्रुपमधे, खालचं माझं नाव कापून, "फॉरवर्डेड" होऊन मलाच परत येतो, मलाच, "बघ किती छान फोटो आहे" म्हणून!

आणि आता त्याच्यावर एआय आलंय. काकांचा माझा ब्लॅक अँड व्हाइट फोटो कुणीतरी रंगीत करून, "क्लिअर" करून टाकला. काकांनी डोळ्याला भिंग लावलेलं होतं, घड्याळजी लावतात ते काळं, ते त्या एआयला कळलंच नाही, तिथे त्याने नवा डोळा काढलाय, दुसऱ्यापेक्षा मोठा. सुरकुत्या गायब. समोरचे दोन दात नव्हते काकांना, ते हसताना लपवायचे, आता टूथपेस्टच्या जाहिरातीसारखी पूर्ण बत्तिशी. मागच्या पाटीवरची अक्षरं अक्षरांसारखी दिसतात पण ती कुठल्याच लिपीत नाहीत. आणि वर लिहिलंय "७० वर्षांपूर्वीचं आपलं शहर". अरे मागे उभ्या माणसाच्या हातात मोबाइल आहे रे! तो तरी बघायचा! मी तिथे लिहिलं की हा माझा फोटो आहे, अलीकडचा आहे, आणि हे काका असे दिसत नाहीत, तर उत्तर काय, "ताई भावना महत्त्वाच्या". तो माणूस तिथे खरोखर बसायचा, त्याचा चेहरा तुम्ही बदलून टाकलात, आणि भावना तुमच्या?

जेव्हा पाडायचंच असतं तेव्हा तरी कुणी फोटोग्राफर नेमावा. १८६० च्या दशकात पॅरिस जुने गल्लीबोळ पाडून रुंद रस्ते काढत होतं तेव्हा शहराने शार्ल मारव्हिलला काम दिलं, पाडायच्या आधी हे सगळं काढून ठेव. ४०० च्या वर फोटो काढले त्याने, ओल्या दगडांचे, वाकड्या पाट्यांचे. ग्लासगोने तिथल्या दाटीच्या वस्त्या हटवताना थॉमस अ‍ॅननला नेमलं. न्यूयॉर्कचं बदलतं रूप टिपायला बेरेनिस अ‍ॅबटला १९३५ पासून सरकारी कला योजनेतनं पैसे मिळत होते, ऐन मंदीत! पाडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता असं मी म्हणतच नाही, पण काढणाऱ्याला फुटपाथवरनं हाकललं नाही, पैसे दिले. नाहीतर मग फ्रेंच फोटोग्राफर अ‍ॅजेसारखं करा, तीसेक वर्षं लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वाहून जुनं पॅरिस टिपा, प्रिंट विकून कसंबसं भागवा, १९२७ मधे मरा, आणि कौतुक मागाहून. किंवा माझ्यासारखेच रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायरसारखं, भाडं थकलं म्हणून २००७ मधे तिच्या निगेटिव्हच्या पेट्या लिलावात गेल्या, २००९ मधे ती गेली आणि मग जगाला साक्षात्कार की अरे, ही तर ग्रेट होती.

मला ग्रेट व्हायचं नाहीये. मला फुटपाथवर उभं राहायचंय.

आणि आजचा ताजा मेसेज, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. कुठल्यातरी नव्या प्रोजेक्टचा मार्केटिंगवाला. लॉबीत "हेरिटेज वॉल" करतायत, जुन्या एरियाचे फोटो मोठे करून लावणार, सोळा फुटी, तुमचे ऐकून आहोत मॅडम, बजेट नाहीये पण एक्स्पोजर चांगलं मिळेल. ज्यांनी पाडलं त्यांच्याच लॉबीत, फुकटात! मी विचारलं, बरं, भिंत तयार झाली की तिचा फोटो काढायला येऊ का? तर म्हणतो, मॅडम लॉबीत फोटोग्राफी अलाउड नाही, पॉलिसी आहे, पण मी सीनियरना विचारून बघतो, तुम्ही एक मेल टाकून ठेवा.