घामानंतरचा घास

पुण्यात टेकड्यांची सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. वर चढणाऱ्याला शुद्ध हवा आणि खाली उतरणाऱ्याला गाडीवरचा गरम वडा. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालला तर दोनशेच्या आसपास कॅलरी जळतात. एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. म्हणजे टेकडीकडे न फिरकता अंथरुणात लोळणारा माणूस त्या सकाळी शंभर कॅलरींनी फायद्यात असतो, वर त्याची झोपही पूर्ण झालेली असते.

माझी तक्रार वड्याबद्दल नाही. वडा निर्दोष आहे. तक्रार आहे ती ‘आज व्यायाम झालाय’ या तीन शब्दांबद्दल. हे तीन शब्द उच्चारले की भल्याभल्या हिशेबी माणसांचा हिशेब सुटतो. एरवी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडणारा गृहस्थ दुसरी प्लेट मागवताना आकड्यांकडे ढुंकून बघत नाही.

शरीराची मागणी मात्र अगदी कंटाळवाणी आहे. वजनं उचलली असतील तर स्नायूंच्या डागडुजीला प्रथिनं लागतात, एका खाण्यात वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.3 ग्रॅम. साठ किलोला 18 ग्रॅम, सत्तरला 21. साठी ओलांडली की स्नायू जरा ऐकेनासे होतात, तेव्हा 0.4 धरावं. (मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारावं.) सोबत थोडं पिष्ट (म्हणजे पोळी, भात, पोहे), पाणी, मीठ. नुसतं चालून आला असाल तर वेगळं काहीही लागत नाही, नेहमीची न्याहारी पुरते. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

आणि घाईही नाही. तीस मिनिटांत प्रथिनं पोटात गेली नाहीत तर मेहनत पाण्यात, ही अफवा जिमच्या कपडे बदलायच्या खोलीत अजून ठणठणीत आहे. म्हणून घामाने निथळणारी माणसं एका पायात बूट घालून प्रथिनांच्या पावडरीचा शेकर हलवताना दिसतात. स्नायूंची डागडुजी दिवसभर चालू असते, त्यामुळे दिवसाकाठी एकूण किती खाल्लं याला जास्त महत्त्व. रात्रीच्या जेवणानंतर काहीही न खाता सकाळी थेट व्यायामच केला असेल तर तासाभरात खाऊन घ्यावं. दोन तासांपूर्वी पोटभर जेवलेल्याने आंघोळ करून, पेपर वाचून, शब्दकोडं सोडवून मग बसलं तरी बिघडत नाही.

खरी अडचण घरी येते आणि ती कांदेपोह्यांच्या रूपाने येते. 75 ग्रॅम कोरड्या पोह्यांची प्लेट चांगली शिगोशीग भरते, पण त्यात प्रथिनं जेमतेम पाच ग्रॅम. शेंगदाणे? ते आठ-दहा असतात आणि ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे वाटले जातात. उपम्याची गोष्ट फार वेगळी नाही. आपल्या न्याहारीत पिष्टाला कायमचं बहुमत आहे, प्रथिनं विरोधी बाकावर. म्हणून पोहे बंद करायला कोणी सांगत नाही, घरात दंगल होईल. पोहे निम्मे घ्यावेत, सोबत दोन उकडलेली अंडी (12 ग्रॅम) आणि कपभर दूध (6 ग्रॅम). वीसचा आकडा गाठला.

अंडी उकळत्या पाण्यात अलगद सोडून दहा मिनिटं, मग थेट गार पाण्यात. विसरून वीस मिनिटं उकळली की बलकाभोवती हिरवट कडी येते. ते विष नव्हे. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांची भेट झालेली असते. अगदी ताज्या अंड्याचं टरफल निघताना निम्मं पांढरं सोबत घेऊन जातं, तेव्हा उकडायला चार-पाच दिवसांपूर्वी आणलेली बरी. कच्ची अंडी ग्लासात फोडून घटाघट पिण्याची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी एक आकडा: शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली पन्नासच्या आसपास. म्हणजे चार गिळायची आणि दोनाचं श्रेय घ्यायचं, पोट बिघडण्याची जोखीम वेगळी.

अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण एवढ्या सोप्या पदार्थाची लोक हमखास वाट लावतात. एका माणसाला 75 ग्रॅम सालासकट हिरवे मूग आणि कुरकुरीतपणासाठी एक चमचा तांदूळ, रात्रभर भिजत. सकाळी पाणी पूर्ण निथळायचं. आल्याचा पेराएवढा तुकडा, दोन मिरच्या, पाव चमचा जिरं, मीठ, आणि वाटायला पाणी चार-पाच मोठे चमचे, बस. पहिली चूक इथेच होते: मिक्सर घरघरतो, दया येते, आणि हात सैल सुटतो. पातळ पिठाचं धिरडं उलटताना फाटतं. पीठ पळीवरून सावकाश ओघळलं पाहिजे. आंबवायचं नाही, वाटलं की लगेच घालायचं.

तवा मध्यम आचेवर. पाण्याचे थेंब टाकल्यावर ते नाचले पाहिजेत. तवा फार तापला तर पीठ पसरायच्या आत आवळतं आणि पळीबरोबर वर येतं. तेव्हा पाण्याचा हबका मारून अर्ध्या कांद्याने तवा पुसायचा. गार तव्यावर ते चिकटून बसतं आणि मग उलथनं विरुद्ध धिरडं असा सामना रंगतो, ज्यात धिरडं हरत नाही. बाजूने तेल सोडून मिनिटभर झाकण ठेवायचं, नाहीतर मधे कच्चट वास राहतो. कडा आपणहून सुटल्या की उलटायचं, त्याआधी डिवचायचं नाही. पहिलं तुटतंच. ते करणाऱ्याने ओट्यापाशी उभ्यानेच खायचं असतं, पुरावा नष्ट व्हावा म्हणून. एवढ्यात तीन-चार होतात: मुगाची 18 ग्रॅम प्रथिनं, वाटीभर दह्याची पाच. हल्ली यात बीट, ओट्स, जवस असं काहीबाही ढकलतात. पालक चालेल.

मोड आले की प्रथिनं वाढतात असाही एक समज आहे. वाढतं ते पाणी. 50 ग्रॅम मुगात 12 ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आल्यावर भांडं ओसंडून वाहिलं तरी ती तेवढीच राहतात.

डब्यातल्या पावडरीशी माझं वैर नाही. एका स्कूपला 24 ग्रॅमच्या आसपास मिळतात, सोय आहे, पैसे असतील तर घ्यावी. शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर तळाशी लगदा बसतो आणि तो शेवटच्या घोटाला भेटतो. कडकडीत दुधात घातली तर गुठळ्या होतात. आणि शेकर जागच्या जागी विसळून झाकण उघडं ठेवावं. मे महिन्यात दिवसभर डिकीत बंद राहिलेला शेकर संध्याकाळी उघडणं हा व्यायामाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, त्यात श्वास रोखून धरावा लागतो. पावडर बहुतेक व्हेची, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची असते, म्हणून पनीर केल्यावर उरलेलं पाणी म्हणजे फुकटचा व्हे असं मानून ते पिणारेही आहेत. दूध तापवताना व्हेची बरीचशी प्रथिनं पनीरमध्येच अडकतात. पाण्यात लिटरमागे चार-पाच ग्रॅम उरतात. एका स्कूपची बरोबरी करायला पाच लिटर प्यावं लागेल. त्यापेक्षा कणीक भिजवा.

या चर्चेत कोणीतरी कोल्हापूर काढतोच. तालमीतला पैलवान पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, मग तांबड्या मातीत लढती, संध्याकाळी पुन्हा तेच. त्याला बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची घोटून केलेली थंडाई शोभते. बारा सूर्यनमस्कारांवर लोटाभर थंडाई शोभत नाही. 50 ग्रॅम बदामच तीनशे कॅलरींच्या जवळ जातात. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, त्याची चव वादातीत आहे, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजारही येतात. घरी नेऊन उकळावं. उकळल्याने ताकद उडून जात नाही.

चतुर्थीला तर पंचाईतच. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीत जी काही असतील ती दाण्याच्या कुटाची. त्या दिवशी राजगिऱ्याच्या 50 ग्रॅम पिठाचं थालीपीठ, 200 ग्रॅम दही आणि मूठभर भाजलेले दाणे घेतले तर विसाचा आकडा होतो आणि उपासही मोडत नाही. मूठ मात्र स्वतःची, पैलवानाची नव्हे: 30 ग्रॅम दाण्यांत पावणेदोनशे कॅलरी असतात.

पाण्याचं सोपं आहे. व्यायामाआधी आणि नंतर वजन करावं. अर्धा किलो घटलं तर ती चरबी नसते, घाम असतो. पाऊण लिटर पाणी किंवा मीठ घातलेलं ताक हळूहळू प्यावं. हे सांगितल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण फोटो आधीच नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेला असतो.

संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांपुढे तर प्रश्नच नाही. रात्रीचं जेवण हेच व्यायामानंतरचं खाणं: दोन भाकऱ्या, मोठी वाटी मटकीची उसळ, दही. जिमहून येताना शेक पिऊन ‘मला भूक नाही’ म्हणायचं आणि वाढलेलं ताट बघून पुन्हा बसायचं, याने फक्त वजन वाढतं. आईला ग्रॅमचे हिशेब ऐकवू नयेत. ‘आणखी एक पळी उसळ वाढ’ म्हटलं की काम होतं. ती सोबत भातही वाढेल. तो परत करता येत नाही.