पानं मोजली, वाचली नाहीत

वस्तू जुनी झाली की तिची किंमत वाढते, हा नियम आपण माणसं सोडून बाकी सगळ्याला लावतो. त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेत टिळकांवरच्या १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्याचा इंग्रजी वृत्तान्त सापडला, न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला, तेव्हा मामानं किंमत कळायच्या आधीच वाटण्या करून टाकल्या. मावशीनं तर येणाऱ्या पैशांतून सोफ्याचा रंगही ठरवला. मूल्यांकन करून आणायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात 'वाचणारा' मी.

मीही रात्री जागून तयारी केली. दिनशा डावर या वकिलानं १८९७ साली टिळकांना जामीन मिळवून दिला आणि तेच डावर ११ वर्षांनी या खटल्यात न्यायमूर्ती म्हणून बसले, तेव्हा जिनांनी टिळकांसाठी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. पुढे टिळक स्वतःच स्वतःची बाजू मांडत २१ तास बोलले. ज्युरीचा कौल ७ विरुद्ध २, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. हे सगळं मी जुन्या पुस्तकांची किंमत ठरवणाऱ्या एका जाणकारांना हातवारे करून सांगत असताना त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"ओल लागलीय."

मग त्यांनी पानं मोजली. वाचली नाहीत, मोजली. एखादं पान गळालं असेल तर तिथेच निम्मा निकाल लागतो म्हणे. टिळक २१ तास काय बोलले याच्याशी या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. ते बोलणं शेवटच्या पानापर्यंत शाबूत आहे ना, एवढंच त्याला हवं होतं.

मी "पहिली आवृत्ती आहे" असं जरा आवाज चढवून म्हणालो.

"बहुतेक पुस्तकांची पहिलीच आवृत्ती शेवटची असते," ते म्हणाले. यावर कुठल्याही मराठी लेखकानं वाद घालू नये.

मग एकेक गुन्हे बाहेर येऊ लागले. पानांवर तांबूस ठिपके. लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदालाच खातं. कसरीनं कडेनं नक्षी काढलेली. हे सगळं त्यांनी शांतपणे घेतलं. पण मामानं मोठ्या हौसेनं करून घेतलेली रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मूळ पुठ्ठा गेला, बाइंडरनं कडा कापताना समास गेला. फाटलेल्या पानांवर मामानंच प्रेमानं सेलोटेप लावली होती. ती पिवळी पडून शब्दांसकट निघत होती. वाळवीपेक्षा पुस्तकांचं जास्त नुकसान जपणाऱ्यांनी केलंय, असं ते म्हणाले. मामा बरोबर आला नव्हता, ते बरंच झालं.

उरलेल्या समासात आजोबांनी पेन्सिलीनं डावरांशी भांडण मांडलं होतं. पानोपानी "खोटं!", "साफ खोटं!", एका ठिकाणी नुसतंच "हं!!".

"खरडलेलं आहे. किंमत कमी."

"आणि हेच टिळकांनी खरडलं असतं तर?"

"मग पुस्तकाला नाही, खरडण्यालाच किंमत."

थोडक्यात, आमचे आजोबा कुणी नव्हते, हे आम्हाला पैसे मोजून लेखी मिळणार होतं. शिवाय दुर्मीळ असून भागत नाही, मागणाराही लागतो. एकच प्रत उरली आणि ती कुणालाच नको असली, तर ती नुसती एकटी असते.

आणि मग त्यांनी शीर्षकपानाची मागची बाजू उजेडात धरली. जांभळा, पुसट, गोल शिक्का. एका वाचनालयाचा. खाली "चौदा दिवसांत परत करावे".

"हे वाचनालयानं काढून टाकलेलं दिसत नाही. तसा रद्द केल्याचा शिक्का असतो. तो कुठे आहे?"

मी पुस्तक उलटंपालटं केलं. तो कुठेच नव्हता. शिक्क्याखाली मात्र आजोबांची सही होती, वळणदार, वर्ष घालून. कायद्याच्या बाबतीत डावरांना पानोपानी फैलावर घेणाऱ्या माणसानं गुन्ह्याची कबुली स्वतःच्या हस्ताक्षरात दिली होती.

घरी ही हकिकत सांगितल्यावर मावशी सोफ्याबद्दल काही बोलली नाही. मामानं कॅल्क्युलेटर काढून उशिराच्या दंडाचा हिशेब सुरू केला. डावरांनी टिळकांना शिक्षेबरोबर १,००० रुपये दंडही ठोठावला होता. आजोबांचा आकडा त्याच्या पुढे सरकताच मामी उठली. तिनं पुस्तक उचललं, कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधत मामाला म्हणाली, "विचारलंच कुणी, तर सांगा, मामंजींचं अजून वाचून व्हायचंय."