लॉर्ड्सवरच्या ५०८ धावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनचं लॉर्ड्स मैदान गाजवणाऱ्या पाहुण्या फलंदाजांत मी दिलीप वेंगसरकरांना पहिलं स्थान दिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं: इंग्लंडच्या ग्रॅहम गूच आणि जो रूट यांच्या तिथे दोन हजारांवर कसोटी धावा आहेत, वेंगसरकरांच्या जेमतेम ५०८, ते मराठी म्हणून हे कौतुक, आणि जिथे सचिनचं शतक नाही तिथले विक्रम मोजायचेच कशाला?

धावांच्या बेरजेपासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गूच यांनी लॉर्ड्सवर २०१५ धावा केल्या, त्या २१ कसोटींत. वेंगसरकरांना तिथे मिळाल्या चार: १९७९, १९८२, १९८६ आणि १९९०. यजमान फलंदाज दर उन्हाळ्यात तिथे उतरतो, पाहुण्याची पाळी तीन-चार वर्षांनी येते. श्रीलंकेच्या महेला जयवर्धनेच्या कोलंबोतल्या एसएससी मैदानावर २९२१ कसोटी धावा आहेत. एका मैदानावर इतक्या कुणीच केलेल्या नाहीत. पण तो तिथे २७ कसोटी खेळला. त्याची थोरवी मी नाकारत नाही. एवढंच म्हणतो, की अशा यादीत फलंदाजाच्या कौशल्याइतकाच वेळापत्रकाचाही वाटा असतो. म्हणून पाहुण्यांची तुलना पाहुण्यांशीच करायला हवी.

तशी ती केली तरी वेंगसरकर धावांत अव्वल नाहीत. सोबर्स ५७१, ब्रॅडमन ५५१. तुम्ही सोबर्स यांचं नाव पुढे केलं असतं तर मला खरंच विचार करावा लागला असता. १९६६ मध्ये दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज ५ बाद ९५ असताना त्यांनी नाबाद १६३ करून सामना वाचवला होता. पण लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं करणारा पाहुणा एकच, आणि ती तीन शतकं कशी आली ते पाहा.

१९७९ ला भारत पहिल्या डावात ९६ धावांत गारद. बोथमचे पाच बळी, वेंगसरकर शून्यावर बाद. इंग्लंडची आघाडी ३२३ धावांची. दुसऱ्या डावात विश्वनाथ ११३, वेंगसरकर १०३, दोघांची २१० धावांची भागीदारी आणि सामना अनिर्णित. १९८२ ला पुन्हा तीच दैना: पहिला डाव १२८, त्यात वेंगसरकरांच्या दोन, आणि फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. मग विलिस आणि बोथमसमोर १५७. कपिलने ८९ फटकावल्या, तरी सामना गेला. पहिल्या डावात अपयशी ठरलेला माणूस त्याच कसोटीत पुन्हा पॅड बांधून उतरतो आणि शतक करतो, हे दोनदा! सरासरीच्या आकड्यात हे कुठे दिसतं?

१९८६ ला मात्र पहिल्याच डावात नाबाद १२६. इंग्लंडच्या २९४ ला उत्तर देताना भारताच्या ३४१ धावा झाल्या, बाकीच्यांपैकी कुणीही शतक केलं नाही. दुसऱ्या डावात १३४ चं लक्ष्य गाठताना त्यांनी ३३ काढल्या आणि लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. ५०८ मधल्या धावांचं वजन असं आहे.

आता सचिन. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने बोलतो. सचिन लॉर्ड्सवर पाच कसोटींत नऊ डाव खेळला: १९५ धावा, सर्वोच्च ३७. सिडनीतही पाच कसोटी, नऊच डाव: ७८५ धावा, तीन शतकं, सरासरी १५७. माणूस तोच, डाव तेवढेच. लॉर्ड्सवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे अडीच मीटरचा उतार आहे. पॅव्हेलियनच्या टोकाकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाच्या अंगात येतो, समोरच्या नर्सरीच्या टोकाकडून टाकलेला बाहेर निघतो. षटकागणिक टोक बदलतं, म्हणून दर षटकाला ऑफस्टंपचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. सचिनच्या अपयशाचं हेच कारण, असं मी म्हणणार नाही. नऊ डाव म्हणजे फार थोडा पुरावा. पण जिथे सचिनसारख्याला जम बसवता आला नाही तिथे सलग तीन दौऱ्यांत शतक होतं, तेव्हा त्या मैदानावरचे विक्रम जास्त मोलाचे ठरतात. ते मोजायचे नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

राहिला मराठीपणाचा आरोप. अजित आगरकरचं २००२ मधलं नाबाद १०९ मला मनापासून आवडतं, तरी त्याला मी यादीत घेतलं नाही, कारण एका शतकाने त्या मैदानावरचा दबदबा सिद्ध होत नाही. अजिंक्य रहाणेचं २०१४ चं १०३ हिरव्यागार खेळपट्टीवर, ७ बाद १४५ मधून डाव सावरणारं आणि विजयाचा पाया घालणारं. एकटी खेळी म्हणून मी ती वेंगसरकरांच्या कुठल्याही शतकाच्या शेजारी ठेवीन. पण तीही एकच.

के. एल. राहुलची मात्र तिथे आता दोन शतकं झाली आहेत, २०२१ ला १२९ आणि २०२५ ला १००. त्याने तिसरं केलं की ही चर्चा आपण पुन्हा मांडू, आणि तेव्हा तुम्ही राहुलच्या बाजूने बोललात तर मी विरोध करेनच असं नाही.