किल्लीला रात्री डब्यात कोंडा म्हणे!

चाळीस हजार पौंडांची कीलेस गाडी घ्यायची, म्हणजे किल्ली खिशातच ठेवून उघडणारी आणि सुरू होणारी, आणि चोरांच्या भीतीनं रोज रात्री झोपण्याआधी तिची किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये, पाऊच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा वरच्या मजल्यावरच्या कपाटात. खाली हॉलमध्ये दाराजवळ ठेवायची नाही. दुसरी किल्लीसुद्धा तशीच, नाहीतर सगळं मुसळ केरात. मग पायात चपला सरकवून पावसात बाहेर जायचं आणि स्टिअरिंगला कुलपाचा तो पिवळा लोखंडी सोटा अडकवायचा. सकाळी ऑफिसची घाई असताना हेच सगळं उलट क्रमानं. आणि हा खटाटोप कशासाठी? तर खिशातून किल्ली काढायचे कष्ट वाचावेत म्हणून! त्या सोयीचे वर जास्तीचे पैसे मोजलेत आम्ही.

बरं, पाऊचचंही काही खरं नाही. उघडझाप करून घडीवर आतलं अस्तर विरतं, आणि विरलंय हे बाहेरून कळत नाही. म्हणून अधूनमधून किल्ली पाऊचमध्ये घालून गाडीपाशी जायचं, हँडल ओढायचं. दार उघडलं की पाऊच केरात, नवा मागवा.

आम्ही राहतो सोलिहलला, बर्मिंगहॅमच्या शेजारी. 2017 साली वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी याच गावातला सीसीटीव्हीचा व्हिडिओ लोकांसमोर आणला होता. दोघे येतात, एक जण घराच्या दाराशी हातातली पेटी फिरवतो, दुसरा मर्सिडीजपाशी. मिनिटभरात गाडी पसार. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही.

यात जादू काही नाही. हँडलला हात लागला की गाडी साधारण 125 किलोहर्ट्झवर किल्लीला हाक मारते. ती हाक मीटर-दोन मीटरच पोचते, म्हणून गाडीनं गृहीत धरलेलं असतं की उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे. चोर त्या पेट्यांनी ती हाक उचलून तुमच्या दारापर्यंत नेऊन पोचवतात. घरातली उघडी किल्ली बिचारी इमानदारीत उत्तर देते. कुठलाही कोड फोडावा लागत नाही. शोरूममध्ये एन्क्रिप्शनची जी पोपटपंची ऐकवतात ना, तिला इथे काडीचा अर्थ नाही. निरोप खराच असतो, फक्त लांबून आलेला असतो. आणि इंजिन एकदा चालू झालं की किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात गाडी थांबणं धोक्याचं. हे मात्र बरोबरच आहे, पण फायदा चोराला.

डोकं कशानं फिरतं सांगू? हे काल-परवा कळलेलं नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेल्सवर केलेला हा प्रयोग 2011 मध्ये छापून आला. दहाच्या दहा उघडली आणि सुरूही झाली. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की तात्पुरता उपाय म्हणून किल्ली झाकून ठेवा आणि कायमचा उपाय म्हणजे किल्ली खरोखर किती लांब आहे ते गाडीला मोजू द्या. सिग्नलला जाऊन यायला लागणारा वेळ मोजायचा, बास. अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या रेडिओ तंत्रानं आता ते जमतं, काही कंपन्यांनी बसवलंही. किल्ली थोडा वेळ हलली नाही की ती झोपी जाईल अशी सोय तर त्याहून स्वस्त. पण आधी विकलेल्या लाखो गाड्यांचं काय? त्यांच्या मालकांनी तो 2011 चा तात्पुरता उपाय जन्मभर करत बसायचं!

विम्याचं तर विचारूच नका. शेजारच्या काकांची गाडी गेली. दोन्ही किल्ल्या काकांच्या हातात, तरी विमा कंपनीचे प्रश्न संपेनात. रात्री किल्ली कुठे होती? पाऊचमध्ये होती का? कोणता पाऊच? चोर सोडून संन्याशाला सुळी. सदोष कुलूप विकणाऱ्याला एक प्रश्न नाही. आणि पुढच्या वर्षी प्रीमियम आख्ख्या गल्लीचा वाढला.

ब्रिटिश सरकारनं फेब्रुवारी 2025 मध्ये विधेयक आणलं, चोरांच्या पेट्यांसारखी यंत्रं नुसती जवळ बाळगली तरी पाच वर्षांपर्यंत कैद. आणा, जरूर आणा. पण सदोष कुलूप विकणाऱ्यासाठी कलम कुठाय?

तोवर चोर पुढे गेलेत. 2022 मध्ये लंडनला एका सायबरसुरक्षा संशोधकाचीच टोयोटा पळवली. हेडलाइटची वायर उपसून तिथूनच गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये घुसले. वापरायचं यंत्र दिसायला ब्लूटूथ स्पीकर! तिथे किल्लीशी संबंधच नाही. म्हणजे तुमचा पाऊच, डबा, कपाट, सगळं चुलीत.

गेल्या सर्व्हिसिंगला मी डीलरकडे विचारलं, निदान ही कीलेस भानगड कायमची बंद तरी करून द्या. "तुमच्या मॉडेलमध्ये तो पर्याय नाही," काउंटरवरचा पोरगा हसत म्हणाला, "पण आमच्याकडे पाऊच आहेत, कंपनीचा लोगो असलेले." पंचवीस पौंड!