‘नियमात राहून बांधलेलं इंजिन जिंकत नाही’ म्हणे!

बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: ड्रॅग रेसमधले (दोन गाड्यांच्या सरळ, छोट्या शर्यतीतले) क्लास म्हणजे देखावा. नियमांमुळे सगळी इंजिनं एकसारखी होतात, मग पुढे जातो तो पैसेवाला नाहीतर चोरी करणारा. तपासणी नावालाच असते, आणि शेवटी ज्याची हॉर्सपॉवर जास्त तोच जिंकतो.

मी बोअर-होनिंगच्या, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून घासून गोल-गुळगुळीत करायच्या धंद्यातला माणूस. हे वाचून गप्प बसवेना. उदाहरण म्हणून अमेरिकेत ड्रॅग रेस भरवणाऱ्या एनएचआरए या संस्थेचा ‘स्टॉक एलिमिनेटर’ हा जवळपास कंपनीच्याच इंजिनांचा गट घेतो, कारण तिथे नियम कडक आहेत आणि कसबही त्याच तोलाचं आहे.

आधी ‘एकसारखी इंजिनं’. स्टॉकमध्ये हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, पोर्ट (हवा जायच्या वाटा) घासायला बंदी. कार्ब्युरेटर त्या मॉडेलचाच. कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) कंपनीने दिली तेवढीच. शेव्हरलेच्या ३५० घन इंची इंजिनातला एक सर्रास वापरला गेलेला कॅम इनटेक व्हॉल्व्ह उचलतो ०.३९० इंच, म्हणजे पुरते दहा मिलिमीटरही नाही. तेवढ्यावरच भागवायचं. पण व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहावा, यावर स्टॉकमध्ये बंधन नाही! मग कॅम घडवणाऱ्यांनी लोबचं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक निमुळतं न ठेवता जवळजवळ चौकोनी केलं. व्हॉल्व्ह झटकन वर जातो, तिथेच रेंगाळतो आणि झटकन बसतो. डायल गेज लावा, आकडा तोच दिसेल. सिलिंडरमध्ये हवा मात्र जास्त गेलेली असते. याची किंमतही मोजावी लागते. असा कॅम स्प्रिंगा आणि पुशरॉडना झोडपून काढतो, आणि स्प्रिंग जरा नरम पडली की व्हॉल्व्ह लोबची साथ सोडून उडायला लागतो.

दुसरं माझ्या रोजच्या कामातलं. हेड बसवून बोल्ट आवळले की ब्लॉक ताणला जातो आणि बोअर एखाद-दुसरा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वाकडा होतो. नुसता ब्लॉक होन केला तर मशीनवर तो गोल असतो आणि गाडीत अंडाकृती. म्हणून हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट ठेवायची, बोल्ट हेडच्याच टॉर्कने आवळायचे आणि त्या ताणाखाली होन करायचं. प्लेट काढल्यावर बोअर वाकडा दिसेल, दिसू दे. हेड चढलं की तो गोल होतो, रिंगा सगळीकडून टेकतात आणि दाब खाली क्रँककेसमध्ये निसटत नाही. एकाच मॉडेलची, एकाच नियमातली दोन इंजिनं इथे वेगळी होतात.

पैशाचं म्हणणं अर्धं खरं आहे. चार कॅम करून बघायला पैसा लागतो, डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, तास घालवायलाही लागतो. पण गेज धरणारा हात पैशाने स्थिर होत नाही.

आता हॉर्सपॉवर. स्टॉकमध्ये गाडीचं वजन भागिले एनएचआरएने तिला लावलेली हॉर्सपॉवर, यावरून क्लास ठरतो. ३,२०० पौंडांच्या गाडीला ३०० लावली तर उत्तर येतं १०.६७. म्हणजे कागदावरचा आकडा जितका कमी, तितकं बांधणाऱ्याला सोपं. १९६८ साली फोर्डने ४२८ कोब्रा जेट इंजिन ३३५ हॉर्सपॉवरचं म्हणून आणलं. त्याच वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या एनएचआरएच्या स्पर्धेत अल जोनिएक या चालकाने त्याच इंजिनाची मस्टँग पळवून सुपर स्टॉक या गटाचं विजेतेपद नेलं. इंजिन त्या आकड्याहून कितीतरी दमदार होतं. म्हणूनच एनएचआरए कंपनीच्या आकड्यावर विसंबत नाही. गाडी ठरल्या वेळेपेक्षा फारच जोरात पळायला लागली, की तिची हॉर्सपॉवर वाढवून लावतात.

शिवाय एरवीच्या लढतीत चालक आपण किती सेकंदांत पोचू ती वेळ आधीच गाडीच्या काचेवर लिहितो. हळू गाडी तेवढ्या फरकाने आधी सुटते, आणि लिहिल्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर सहसा हरलात. इथे लागतं सकाळी आणि दुपारी तीच वेळ देणारं इंजिन. एकाच क्लासच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या, तरच दोघी एकदम सुटतात आणि सगळी ताकद काढता येते. मजकूर लिहिणाऱ्याला ही एवढीच लढत ठाऊक असावी.

राहिली तपासणी. चोर नसतात असं मी म्हणणार नाही. पण तिथे जिंकलेलं इंजिन खोलायला लावतात. हेड उलटं ठेवून चेंबरवर, म्हणजे इंधन जळतं त्या खळग्यावर, भोक पाडलेली पारदर्शक काच ग्रीसने चिकटवतात आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, थेंब थेंब द्रव सोडून तो किती मावतो ते बघतात. चेंबर नियमापेक्षा लहान, म्हणजे कॉम्प्रेशन (हवा दाबली जायचं प्रमाण) चोरून वाढवलेलं. हे ज्याला नावापुरतं वाटतं, त्याने एकदा स्वतः ब्युरेट धरून चेंबर भरून बघावा. काचेखाली एक बुडबुडा अडकला तरी आकडा चुकतो, आणि पहिल्या तीन वेळा तीन वेगळे आकडे येतात.