एलईडीच्या फ्लॅशसाठी 230 व्होल्टच्या प्लगला हात लावू नका

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पाठवला, "मामा, हे बरोबर आहे का? रविवारी करून बघतोय." डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपवर फिरतोय म्हणे. म्हणणं असं, की एलईडी मुळातच स्लो असतो, नॅनोसेकंदाचा (सेकंदाचा अब्जावा भाग) फ्लॅश हवा तर महागडा लेसर घ्या, आणि एलईडीच वापरायचा असेल तर ट्रान्झिस्टर अव्हलांचमध्ये (जास्त व्होल्टेजवर तो एकदम उघडून करंट झटक्यात सोडतो, त्या अवस्थेत) न्यायला हाय व्होल्टेज लागतं, ते घरच्या प्लगमधून एक डायोड लावून काढा. वाचल्या वाचल्या फोन केला त्याला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण त्याने जीव जाईल कुणाचातरी. 230 व्होल्टला डायोड लावला की कपॅसिटर 325 पर्यंत चढतो, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे आयसोलेशन (मेन्सपासून विद्युत विलगता) नाही, टू-पिन प्लग उलटा बसला की सर्किटच्या ग्राउंडवरच फेज. आणि पल्स बघायला स्कोप (ऑसिलोस्कोप) लावणारच ना, त्याच्या प्रोबची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, ती लावली की सरळ शॉर्ट. आणि त्याआधी कुणी तिथे हात लावला तर?

बरं, एवढं करायची गरजच नाहीये! 1985 साली कापुस्टिन्स्की आणि सहकाऱ्यांनी पेपर छापलाय, दोन साधे ट्रान्झिस्टर, 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर एलईडीतून झटक्यात रिकामा करायचा, एलईडीला पॅरलल एक छोटी कॉइल म्हणजे प्रकाश लवकर विझतो. हेच सर्किट पुढे भूमध्य समुद्राच्या तळाशी न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपणाऱ्या अँटारेस दुर्बिणीच्या कॅलिब्रेशनला निळ्या एलईडींवर वापरलं, काही नॅनोसेकंदांचे फ्लॅश, आणि सप्लाय जास्तीत जास्त 24 व्होल्ट. मग एलईडी स्लो कसा?

अव्हलांच खोटं नाही, 2एन2369 सारखा ट्रान्झिस्टर 90 व्होल्टच्या आसपास ते करतो, पण ते व्होल्टेज बॅटरीवरच्या छोट्या बूस्ट कन्व्हर्टरने (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) काढायचं, पुढे 1 मेगओहमचा रेझिस्टर लावून.

स्लो म्हणण्यात थोडं तथ्य आहे ते पांढऱ्या एलईडीपुरतं. त्यातला पिवळा फॉस्फर (निळ्या प्रकाशाने चमकणारा लेप) विझायला दहापट जास्त वेळ घेतो, म्हणून निळा घ्या, पांढरा नको.

अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डनेच सगळं होतं असंही त्या मेसेजमध्ये खाली लिहिलंय. त्याच्या 16 मेगाहर्ट्झ क्लॉकचा एक ठोका म्हणजे 62.5 नॅनोसेकंद, ट्रिगर द्यायला ठीक, बाकी काही नाही.

जे लिहायला हवं होतं ते मात्र त्यात कुठेच नाही, तारांची लांबी! 10 सेंटिमीटर तार म्हणजे साधारण 100 नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध), तिच्यातून अर्धा अँपिअर 2 नॅनोसेकंदात चढवायचा तर 25 व्होल्ट त्या तारेतच जातात, सप्लायच 24 चा असेल तर एलईडीला उरलं काय. म्हणून ब्रेडबोर्ड नको, कपॅसिटर आणि एलईडी एकमेकांना चिकटून सोल्डर करा. आणि कॉलेजचा 100 मेगाहर्ट्झचा स्कोप 3.5 नॅनोसेकंदांपेक्षा वेगाने चढणारी कड दाखवूच शकत नाही, तेव्हा स्क्रीनवर पल्स रुंद दिसला की एलईडीला दोष देऊ नका.

रविवारी मी स्वतः जातोय, 24 व्होल्टचा सप्लाय घेऊन. तोवर प्लगला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलंय त्याच्याकडून.