दुखतंय म्हणून प्रोस्टेट काढून टाकायचं?

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तिघांनी पाठवला. तो असा: “ओटीपोटात, लघवीच्या जागी, बसल्यावर खाली वर्षानुवर्षं दुखतंय? ही प्रोस्टेटची जुनी सूज. औषधांनी ती मुळापासून जात नाही. शेवटचा आणि पक्का उपाय एकच, ऑपरेशन. गाठ गेली की दुखणं गेलं. मुलंबाळं झाल्यावर या गाठीचा शरीराला काही उपयोग नसतो. दुर्बिणीतून काढतात, टाका नाही, तीन दिवसांत घरी. अंगावर काढाल तर पुढे कॅन्सर. प्रत्येक पुरुषापर्यंत पोहोचवा.”

तिसऱ्यांदा तो पाठवणारा माझा मावसभाऊ. वय ४४, पतपेढीत दिवसभर खुर्चीवर. मजकुराखाली त्याने दोनच शब्द लिहिले होते: “करून टाकू?”

हे दुखणं मी चार वर्षं काढलं आहे. लग्नकार्यात पंगतीला न बसता उभ्याने जेवलो, एसटीत सीट मिळूनही दांडा धरून उभा राहिलो, आणि विचारणाऱ्याला दर वेळी “पाठ धरलीय” असं सांगितलं. त्यामुळे हा मजकूर वाचून “करून टाकू” असं का वाटतं, ते मला पुरतं कळतं. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

“ही प्रोस्टेटची जुनी सूज.” प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेली ग्रंथी; मजकुरातली ‘गाठ’ ती हीच. इथेच पहिली चूक आहे, आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्यातूनच निघतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली या आजाराचे चार प्रकार ठरवले. पहिला अचानक येणारा जंतुसंसर्ग: थंडी वाजून ताप, लघवी अडणं. दुसरा पुन्हा पुन्हा येणारा जंतुसंसर्ग. तिसरा म्हणजे सहा महिन्यांतले किमान तीन महिने दुखतं, पण जंतू सापडत नाहीत. चौथ्यात सूज असते, त्रास काहीच नसतो. त्रास घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जण तिसऱ्या प्रकारातले. त्यातही अनेकांत सुजेच्या पेशीसुद्धा दिसत नाहीत. युरोपातल्या यूरॉलॉजिस्टांच्या, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये तर याला सूज म्हणतच नाहीत, प्रोस्टेटचं वेदना-लक्षणसमूह म्हणतात. म्हणजे दुखणं त्या भागात जाणवतं एवढं नक्की. ते ग्रंथीतूनच उठतं, हे गृहीत धरलेलं नाही.

मला हे कळलं ते एका तपासणीच्या टेबलावर. जाडजूड झालेली फाइल काखेत मारून मी एका यूरॉलॉजिस्टकडे गेलो होतो, तो ऑपरेशनची तारीख घ्यायलाच. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, हातमोजा चढवला आणि कुशीवर झोपायला सांगितलं. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबलं. “इथे दुखतं?” अवघडल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. मग बोट जरासं डावीकडे, ग्रंथी सोडून बाजूच्या स्नायूवर सरकलं आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. बसल्यावर उठणारी, थेट शिश्नाच्या टोकापर्यंत जाणारी जी कळ चार वर्षं मला छळत होती, तीच ही.

“हेच ना तुमचं दुखणं?”

“हेच, डॉक्टर.”

“मग तुमचं प्रोस्टेट काढून मी काय करू, सांगा बरं.”

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. माझी झोळी दिवसरात्र आखडलेली होती आणि मला पत्ता नव्हता. प्रत्येकाचं दुखणं स्नायूंतच असतं असं नाही. कुणाचं मूत्राशयातून येतं, कुणाचं नसेतून, कुणाचं खरोखर ग्रंथीतून. पण ते कुठून येतं हे कुणीतरी शोधलं पाहिजे, आणि त्यासाठी लागलेली साधी दोन मिनिटं चार वर्षांत कुणी दिली नव्हती.

“औषधांनी जात नाही, म्हणून शेवटचा उपाय ऑपरेशन.” शेवटचा म्हणायचा तर आधीचे उपाय झालेले हवेत. माझ्या फाइलीत काय होतं? अँटिबायोटिकचे सहा कोर्स. त्यातले पाच एकाच गोळीचे, आणि एकदाही लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, जंतू निघाला नव्हता. मला वाटायचं, सगळं करून झालं. प्रत्यक्षात एकच गोष्ट सहा वेळा झाली होती.

त्या एका गोष्टीची परीक्षाही झालेली आहे. २००४ साली उत्तर अमेरिकेत या तिसऱ्या प्रकारच्या १९६ रुग्णांवर सहा आठवडे चाचणी झाली. काहींना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, काहींना लघवीची वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच बिनऔषधाची गोळी. दुखण्यात फारसा फरक निघाला नाही. जंतूच नसेल तर जंतू मारणारं औषध काय मारणार? उलट सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातल्या गोळ्यांनी टाचेमागची जाड शीर (कंडरा) दुखावू शकते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा ठळक इशारा २००८ सालीच दिला होता. पहिला एक कोर्स देऊन पाहणं समजू शकतं. सहावा नाही.

मग काय राहिलं होतं? बरंच. अमेरिका आणि कॅनडातल्या यूरॉलॉजिस्टांनी २००९ च्या सुमारास एक सोपी रीत मांडली. रुग्णाचा त्रास सहा कप्प्यांत तपासायचा: लघवीचा त्रास, मनावरचा ताण, खुद्द ग्रंथी, जंतू, नसा, स्नायू. ज्याचा जो कप्पा भरलेला, त्याला त्याचा उपचार, गरजेप्रमाणे दोनतीन एकत्र. लघवीला अडखळत असेल तर टॅम्सुलोसिनसारखी गोळी, नसांसाठी रात्री कमी मात्रेतली वेगळी गोळी, आखडलेल्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी. आतून-बाहेरून स्नायू मोकळे करणाऱ्या फिजिओथेरपीची अमेरिकेत ४७ स्त्री-पुरुषांवर छोटी चाचणी झाली. त्यात ५७ टक्क्यांना फरक पडला, नुसता अंगाचा मसाज मिळालेल्यांपैकी २१ टक्क्यांना. चाचणी छोटी आहे, मान्य. पण या उपचाराने काही कापलं जात नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यापायी मी स्वतः सहा महिने वाया घालवले. “प्रोस्टेटसाठी मूलबंध करा” असंही कुणीतरी सांगतंच. मूलबंध म्हणजे तोच तळाचा स्नायू आवळणं. ज्याचा स्नायू ढिला आहे त्याला तो उपयोगी. ज्याचा आधीच आखडलाय, त्याने आणखी आवळला तर कळ वाढते. मला शिकवलं ते नेमकं उलटं: पोटातून श्वास घेत तळ सैल सोडणं, मलासनात भिंतीला टेकून बसणं, रात्री कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं. तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा सबंध जेवण बसून जेवलो. अजूनही अधूनमधून दुखतं, परीक्षेच्या दिवसांतल्या पोरासारखा ताण आला की हटकून. पण त्या दुखण्याचं भय गेलं.

“गाठ गेली की दुखणं गेलं.” हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. पोटात दुखतं, अंगावरून जातं, मग “पिशवी काढून टाका” असं सांगून बीडमधल्या किती ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेली, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रासमोर आलं. त्यांच्यावर मजुरी बुडण्याचाही धाक होता, तो आपल्यावर नाही. पण दुखरा अवयव म्हणजे काढायचा अवयव, ही समजूत तीच आहे.

महिनोन्‌महिने दुखत राहिलं की नसा आणि मेंदू ते दुखणं जणू पाठ करतात. साधा दाबही कळ म्हणून वाचला जातो. पाय कापल्यावर नसलेल्या पायाची बोटं दुखणारी माणसं आहेतच. अवयव जातो, पाठ झालेलं जात नाही. आणि जे दुखणं मुळात बाजूच्या स्नायूत होतं, ते तर जागचं हलणारच नाही.

“पण अमक्याला ऑपरेशनने बरं वाटलं की.” वाटलं असेल, मी खोटं म्हणत नाही. काही मोजक्या रुग्णांचे तसे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांतही आहेत. मात्र २००८ साली अल्फुझोसिन या टॅम्सुलोसिनच्याच कुळातल्या गोळीची २७२ जणांवर चाचणी झाली. बारा आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ४९.३ टक्क्यांना बरं वाटलं, आणि बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपैकीही ४९.३ टक्क्यांनाच. हे दुखणं आपोआप वरखाली होतं, उपचार मिळतोय या विश्वासानेही हलकं होतं. म्हणून एकादुसऱ्याच्या अनुभवावरून परत न फिरवता येणारी गोष्ट करू नये.

“दुर्बिणीतून काढतात, टाका नाही, तीन दिवसांत घरी.” यात दोन निराळी ऑपरेशनं एकात कालवली आहेत. टाका नसलेलं, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून होतं ते ऑपरेशन वाढलेल्या ग्रंथीचा आतला भाग खरवडतं, लघवीची वाट मोकळी करतं. ग्रंथीचा बाहेरचा थर तसाच राहतो. म्हणजे ‘गाठ गेली’ हेच खरं नाही. शिवाय त्यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. चाळिशीच्या आतल्या, मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी सांगायला नको? आणि ‘उपयोग नसतो’ म्हणतात त्या ग्रंथीचाच रस वीर्याचा पाव भाग असतो आणि वीर्य पातळ करतो.

सबंध ग्रंथी काढणं हे कॅन्सरचं ऑपरेशन आहे. मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला पुन्हा शिवावं लागतं, नळी आठवडा-दोन आठवडे राहते, आणि ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे आकडे २०१६ साली आले. पन्नास ते एकोणसत्तर वयाचे कॅन्सरचे रुग्ण. शरीरसंबंधाइतकी ताठरता आधी ६७ टक्क्यांना होती. ऑपरेशनच्या गटात सहा महिन्यांनी ती १२ टक्क्यांवर आली, सहा वर्षांनी १७. लघवी गळते म्हणून पॅड लावणारे सहा महिन्यांनी ४६ टक्के, सहा वर्षांनीही १७. जिवावरच्या आजारात माणूस हा सौदा करतो. जिवाला धोका नसलेल्या दुखण्यासाठी, ते जाईलच याची खात्री नसताना, का करायचा?

“अंगावर काढाल तर कॅन्सर.” हे निव्वळ घाबरवणं आहे. या दुखण्यातून कॅन्सर होतोच असं सिद्ध झालेलं नाही. सुजेने रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, कॅन्सरच्या शंकेपोटी तपासतात ते प्रथिन) वाढू शकतं, तेव्हा सूज ओसरल्यावर ते पुन्हा तपासतात, आणि गरज वाटली तरच पुढे जातात.

ऑपरेशन नकोच, असं मी म्हणत नाही. ग्रंथीत पू साठला तर तो काढावाच लागतो. मूत्राशयाचं तोंड नीट उघडत नसेल, मूत्रमार्ग आकसला असेल, वीर्याची नळी तुंबली असेल, ग्रंथीत खडे असून तोच जंतू दरवेळी उलटत असेल, तर ऑपरेशनने खरंच सुटका होऊ शकते. काही तरुणांना वर्षानुवर्षं ‘प्रोस्टेटची सूज’ म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि निघतो तो मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा. आपल्याकडे क्षयही तपासायला हवा. पण या प्रत्येक ठिकाणी ऑपरेशन सापडलेल्या कारणाचं होतं. कारण सापडलं तर ते पहिल्या महिन्यातही करावं. नाही सापडलं तर दहाव्या वर्षीही ते उपाय ठरत नाही, मग त्याला शेवटचा म्हणा की आणखी काही. ताप, लघवीतून रक्त, लघवी अडणं यांपैकी काही असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आजच डॉक्टर गाठा.

मावसभावाला मी म्हटलं, “तू नको ठरवूस, मीही नको. ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचार: कोणत्या तपासणीत काय सापडलं म्हणून हे ऑपरेशन?”

शनिवारी त्याने विचारलं. उत्तर मिळालं, “इतकी वर्षं गोळ्या घेऊन झाल्या ना, म्हणून.” कल्चर तीन वर्षांपूर्वीचं होतं. लघवीच्या धारेची तपासणी कधी झालीच नव्हती. त्याने तारीख सोडली. धारेची तपासणी येत्या मंगळवारी दुसरीकडे आहे. तिच्यात अडथळा निघाला तर तो ऑपरेशन करून घेईल, आणि रात्री त्याच्या कॉटजवळ मी थांबेन.